मगरवाले आजोबा

"मगरीनं कान कसा तोडला, ते सांगा ना!" चटईवर बसलेली बालवाडीची पोरं एका सुरात ओरडली.

मर्व्ह आजोबा चिमुकल्या खुर्चीत कसेबसे मावले होते. त्यांचा डावा कान अर्धाच होता. बाकीचा नदीतल्या मगरीने नेला, असं त्यांच्या नातीने, टिलीने, अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं. तिला ते त्यांनीच सांगितलेलं. दर वेळी सांगताना मगर आणखी हातभर लांब व्हायची.

आज लिअ‍ॅनबाईंनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. टोपी नाही तर खेळ नाही, हा ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडातल्या त्या शाळेचा नियम. टिली मात्र टोपी दप्तरात कोंबायची आणि उन्हापासून वाचवणाऱ्या लोशनची बाटली दिसली की टेबलाखाली दडायची. "माझे आजोबा कुठं लावतात? ते मगरीला नाही भ्याले, उन्हाला कशाला भितील!" गेल्याच आठवड्यात उन्हानं तिच्या गोऱ्या नाकाची सालं निघाली होती. "आजोबा, आता खरं काय ते सांगून टाका," बाई दारातच म्हणाल्या होत्या.

टिली ताठ बसली होती, आजोबा तिच्या मालकीचे असल्यासारखी. म्हातारपणी एवढं कौतुक कुणाच्या वाट्याला येतं? ते सोडायचं आजोबांच्या अगदी जिवावर आलं.

"मगर नव्हती," शेवटी ते म्हणाले. "ऊन होतं. उसाच्या शेतात जन्मभर उघड्या डोक्यानं ट्रॅक्टर चालवला. कानावर चट्टा आला. म्हटलं, हॅ, एवढ्याशानं काय होतंय! निघाला कॅन्सर. डॉक्टरांनी अर्धा कान कापला. टिली, मी तुला थाप मारली गं."

"म्हणजे मगर नव्हतीच?" मागून एक जण हिरमुसून म्हणाला. आजोबांची मान खाली गेली. त्यांना फार वाईट वाटलं.

टिली उठून दाराशी गेली. बाहेर अंगणात ऊन रणरणत होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने दप्तराच्या तळातून टोपी काढून डोक्यावर घट्ट बसवली, दोन्ही हातांनी लोशनची बाटली उचलून आणली आणि आजोबांच्या उजव्या कानाला लोशन चोळू लागली.

"आजोबा," उन्हाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू ती म्हणाली, "मगर तर नदीत राहते. हे दाराबाहेरच उभंय."