साक्षीदार क्रमांक चार

पंढरीभाऊंनी पेपर चुरगाळून कोपऱ्यात भिरकावला.

सहा वर्षांची सगळी शिक्षा भोगून झाल्यावर कोर्ट म्हणत होतं, खटला नीट चाललाच नव्हता, पुन्हा चालवा. ती सहा वर्षं कोणी परत देणार होतं का? वेगळ्या विदर्भासाठी उभं आयुष्य घातलेला, दोनदा आमदार झालेला माणूस सुटल्यापासून जयपुरात, मालवीय नगरातल्या एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी कूलरसमोर बसून होता. खटला मिटेपर्यंत निवडणुकीचं तिकीटही नाही. कोणाचंही डोकं फिरावं अशीच गोष्ट होती.

कार्यकर्ता म्हणजे मंगेश. विमा कंपनीतल्या बदलीने इकडे आलेला. भाऊ सभेत 'पेटवा' म्हणूच शकत नाहीत, यावर त्याचा आंधळा विश्वास. त्याचं लग्न झालं तेव्हा भाऊ तुरुंगात होते. बायकोच्या माहेरचा विषय तो त्यांच्यासमोर काढत नसे. तिला वडील नाहीत, एवढंच एकदा म्हणाला होता.

दोन महिने मंगेशची बायको प्रणालीच भाऊंचं पथ्यपाणी बघत होती. प्रणाली हे लग्नात ठेवलेलं नाव. कमी बोलायची, पण कामात चोख. उशाशी पाण्याचा पितळी तांब्या ठेवायची, तोही रोज एकच बाजू भिंतीकडे करून. माहेरचा म्हणून तो बाईला घासू द्यायची नाही.

"एक एस.टी. जळली, ड्रायव्हर गेला," भाऊ म्हणाले. "अन् आत टाकलं मला. कोणाच्या सांगण्यावरून? साक्षीदार क्रमांक चार! नाव झाकून ठेवलेलं. माझ्या वकिलाला एक प्रश्न विचारू दिला नाही."

प्रणाली मेथी निवडत होती. देठ कचाकच तुटत होते. भाऊंना बरं वाटलं. निदान या घरात कोणालातरी राग येत होता.

दुपारी वकिलाचा मेसेज आला. भाऊंनी चष्मा लावून तो मोठ्याने वाचला. साक्षीदार क्रमांक चार म्हणजे कौमुदी नावाची मुलगी, तेव्हा वय वीस. आता ती गावात राहत नाही. बाकीचा तपशील उद्या मिळेल.

भाऊ एकदम ताठ बसले. संध्याकाळी मंगेश आला की त्यालाच कामाला लावतो, म्हणाले. तिकडे त्याच्या पुष्कळ ओळखी. तो दोन दिवसांत तिला शोधून काढील, आणि तिने साक्ष फिरवली की आपण फॉर्म भरायला मोकळे.

प्रणालीचे हात थांबले. "भाऊ, तुम्ही 'पेटवा' म्हणालाच नव्हता?"

"म्हणालो असन. सभेत माणूस बोलतेच. पण पाच हजारांच्या गर्दीत या पोरीचं काय काम होतं?"

"कोणाला तरी डबा द्यायला आली असेल."

मग तिने विचारलं, त्या ड्रायव्हरचं नाव काय होतं.

भाऊंनी आठवून पाहिलं. "एवढं कोणाच्या ध्यानात राहते?" म्हणाले, आणि पाणी मागितलं.

ती तांब्या भरून घेऊन आली. या वेळी तिने तो कोरलेली बाजू भाऊंकडे करून ठेवला आणि तिथेच उभी राहिली. चष्मा अजून त्यांच्या डोळ्यांवर होता.

'चि. सौ. कां. कौमुदी हिस, वडिलांच्या जागी, आगारातील समस्त एस.टी. चालकांकडून.'