पंचेचाळीस मैलांची थरथर

पंचेचाळीस मैलांच्या वेगावर स्टिअरिंग पुन्हा थरथरायला लागलं, तसा मुकुंदरावांनी पाय वर घेतला.

"बघितलंस, देवराव? काल म्हणालास, झाली. कुठं झाली?"

शेजारी बसलेल्या देवराव मिस्त्रीने स्टिअरिंगवर हात ठेवला आणि मान हलवली. चाळिसाच्या खाली ही गाडी अगदी गरीब गाय. पंचेचाळिसाला हात हलायचे आणि पन्नासला दात वाजायचे. पाटणचेरूच्या रस्त्याने दोघे अंबरपेठेतल्या घराकडे परत निघाले.

हैदराबाद राज्याची वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि महसूल खात्यातल्या मुकुंदरावांचं नाव औरंगाबादला जाणाऱ्यांत लागलं. कुणाची हरकत असेल तर त्याने अर्ज करावा, अशी सोय होती. पण मुकुंदराव कसली हरकत घेतात! बारसं असो की सत्यनारायण, 'आपल्या भाषेचं राज्य' या विषयावर ते असे बोलायचे की वाढलेली ताटं गार व्हायची. त्यांचे सोबती आगगाडीने गेलेसुद्धा. मुकुंदरावांच्या आईला, भामाबाईंना, मात्र डब्याच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. त्यांच्यासाठी म्हणून ही जुनी विलायती गाडी घेतली होती. ती नीट झाली की सगळ्यांनी निघायचं, असं ठरलं होतं.

आणि ती काही नीट होत नव्हती.

देवरावचं गॅरेज अफझलगंजला होतं. सीट हलत नाही, स्टिअरिंगच हलतं, म्हणजे दुखणं पुढच्या चाकांत, हे त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. त्याने टायरांतली हवा पाहिली, बेअरिंग पाहिलं, सांधे हलवून पाहिले. मुकुंदराव बाकावर उर्दू अखबार वाचत बसून राहायचे. शेवटी देवरावने चाक अधांतरी फिरवून सोडलं, तर दर वेळी त्याची एकच बाजू खाली येऊन थांबे. ती बाजू जड होती. तिच्या समोर रिमला त्याने शिशाचा तुकडा बसवला आणि गाडी पन्नासलाही शांत धावली.

चार-सहा दिवसांनी पुन्हा तीच थरथर. शिसं गायब! खड्ड्यात पडलं असेल, असं समजून त्याने दुसरं बसवलं. तेही गेलं. काल तिसरं चांगलं घट्ट ठोकून त्याने गाडी घरी आणून दिली होती.

अंगणात आल्यावर देवरावने गाडी जॅकवर घेतली. शिसं नव्हतंच. पण या वेळी रिमवर पकडीचे ताजे ओरखडे दिसले. म्हणजे शिसं पडत नव्हतं. कुणीतरी ते उपसून काढत होतं.

भामाबाई नेहमीसारख्या गाडीशेजारी स्टूल टाकून उन्हाला बसल्या होत्या. देवराव आला की त्या दर वेळी विचारायच्या, "झाली का रे गाडी?" अजून नाही म्हटलं की गप्प व्हायच्या. त्यांचा सारा संसार याच घरात झाला होता, नवरा याच घरात गेला होता. देवरावला काय ते कळलं आणि त्याचा जीव कळवळला. या वयात घर सोडायचं म्हणजे जिवावरच येणार. काहीतरी थाप मारून वेळ निभवावी, असं त्याने ठरवलं.

पण मुकुंदरावांची बायको तारामती बाहेर आली. औरंगाबादेत तिचं माहेर होतं आणि तिचा अर्धा संसार बांधून झाला होता. तिने सरळच विचारलं, तेव्हा देवरावला खोटं बोलवेना.

"शिसं आपोआप पडत नाही, वहिनी. कुणीतरी काढतंय."

मुकुंदरावांचा चेहरा उतरला. तारामतीने वळून सासूकडे पाहिलं.

"मी काढलं," भामाबाई म्हणाल्या. "माझा जीव निघंना इथून."

तारामतीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती वेडंवाकडं काही बोलली नाही. मुकुंदराव आईच्या पायाशी बसले. मग त्यांनी सांगून टाकलं, की आईचं मन मोडून आपल्याला जायचं नाही. उद्याच अर्ज द्यायचा आणि इथंच राहायचं. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. असा मुलगा नशिबानेच मिळतो, असं देवरावला वाटलं.

नवरा-बायको आत गेले. देवरावने चाक बसवलं, नवं शिसं ठोकलं. उठायला आधार हवा म्हणून भामाबाईंनी त्याच्यापुढे हात केला. सांध्यांशी सुजलेली त्यांची बोटं त्याच्या हातावर मिटेनात. देवरावने एकदा त्या बोटांकडे पाहिलं, एकदा अवजारांतल्या पकडीकडे.

"आई, हे तुमच्या हातानं निघणारं नाही."

"हल्लू बोल."

आतून मुकुंदरावांचा आवाज येत होता. आज तो फार मोकळा वाटत होता.

"उर्दू शाळेत शिकलेला तो," भामाबाई म्हणाल्या. "उर्दूत त्याच्यासारखं लिहिणारं कचेरीत कुणी नाही. मराठीत चार ओळी लिहायच्या तर घाम फुटतो त्याला. एवढी भाषणं ठोकलीत, आता कोणत्या तोंडानं सांगंल? म्हातारी नको म्हणाली, म्हणजे झालं."

देवरावने पकड पिशवीत टाकली.

"असू द्या, आई. तुमचं घर तरी सुटत नाही."

भामाबाईंनी आत कुणाची चाहूल लागते का ते पाहिलं.

"काल तू गाडी झाली म्हणालास, म्हणून सकाळीच दूधवाल्याकडून माझं गाठोडं डिकीत ठेवून घेतलंय. सून बघायच्या आत तेवढं काढून दे, बाबा."