पहिला हशा

नाट्यगृहाच्या मागच्या दारातून जोतीरामनं प्रेक्षकांवर नजर टाकली आणि तो पटकन दाराआड सरकला. वाटेच्या कडेच्या खुर्चीत त्याची आई बसली होती.

चिमणाबाईनं आजवर त्याचं एकही नाटक पाहिलं नव्हतं. स्पर्धेचा प्रयोग म्हणून धाकट्या बहिणीनं, तेजस्वीनं, तिला ओढून आणलं असणार. "साहेबाचं काम हाय," एवढंच त्यानं घरी सांगितलं होतं. ते काही खोटं नव्हतं. शेपटीचा काळा कोट, उंच टोपी, हातात छडी. फक्त साहेब प्यालेला होता.

नाटक होतं शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलेल्या इंग्लंडच्या एका विनोदी मंडळीचं. एवढा समुद्र ओलांडून ही माणसं तिथल्या नकला-गाण्यांच्या थिएटरात उभी राहतात, आणि समोर कुणी हसतच नाही. मग त्यांच्यातला एक नट प्यालेला प्रेक्षक बनून मागून शिरतो, झोकांड्या खात रंगमंचावर चढतो, तोंडावर आपटतो आणि हशा फुटतो. तो नट म्हणजे जोतीराम.

पण आज कोल्हापूरकरही हसत नव्हते. पहिला अंक कोरडा गेला होता. कुणी खोकलं तरी ऐकू येत होतं.

"आता सगळं तुझ्यावर आहे," दिग्दर्शिका भैरवीताई त्याच्या कानात म्हणाल्या.

"ताई, आईला बाहेर न्या. आत्ताच्या आत्ता."

"का रे?"

सांगायला वेळ कुठला? बँड वाजला आणि दिव्याचा झोत थेट त्याच्या तोंडावर आला.

जोतीराम निघाला. एक पाय घसटत, डावा खांदा पाडून, कुणाचीही खुर्ची धरत. आईची रांग आली तसं त्यानं तोंड फिरवलं. तोवर ती उठून वाटेत उभी राहिली होती.

"जोत्या."

"आई, खाली बस की," तो ओठ न हलवता म्हणाला.

"आ कर."

"नाटक हाय गं."

"आ कर म्हनते न्हवं!"

त्यानं तोंड उघडलं. तिनं टाचा उंचावून वास घेतला. कुणीतरी फिस्सकन हसलं. बघता बघता सगळं नाट्यगृह खदखदायला लागलं, बाल्कनीतून शिट्ट्या आल्या. लोकांना वाटलं, बाई मंडळीतलीच आहे.

तिला ते हसणं ऐकूच गेलं नसावं. ती त्याच्या पायांकडं बघत होती, मग पाडलेल्या खांद्याकडं.

"प्यालेला न्हाईस," ती म्हणाली. "मग तुझ्या बापागत चालतोस कशाला?"

जोतीरामनं पाडलेला खांदा सरळ केला. ही चाल कुठून आणलीस, असं तालमीत भैरवीताईंनी विचारलं, तेव्हा त्याला सांगता आलं नव्हतं. वर रंगमंचावर इंग्लंडची मंडळी ताटकळली होती.

"वर जाऊन काय करनार?"

"पडायचं हाय."

चिमणाबाईनं धरलेली कोटाची बाही सोडली.

"जा. पन डोकं सांभाळून पड," ती म्हणाली. "तुझ्या बापाला तेवढं जमलं न्हाई."