लेकीची शिफारस

विज्ञानाच्या बाईंना वर्गासाठी एक ॲप निवडायचं होतं, आणि त्यांची लेक नेमकी त्याच वर्गात होती. निवड दोन ॲपमधून करायची होती. एकावर गृहपाठ कितीही उशिरा दिला तरी चालायचा, वर चुकलं की उत्तरही आयतं मिळायचं. दुसरं म्हणजे नुसता फौजदार! मैत्रिणीचं उतरवलेलं लगेच पकडायचं आणि वेळ टळली की दारच बंद.

"पहिलंच यायला हवं हं," वर्गानं लेकीला बजावलं, "नाहीतर उद्यापासून डबा एकटीनं खायचा!"

लेक काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. आपण निळा ड्रेस म्हटलं की आई हमखास करडा आणते, हा तिचा जन्माचा अनुभव. म्हणून ओट्याला टेकून तिनं पहिल्या ॲपला मनसोक्त नावं ठेवली आणि त्या फौजदाराचं तोंड दुखेपर्यंत कौतुक केलं.

"तेच घे गं आई! मुलांना जरा शिस्त नको का?"

आई भाजी चिरायची थांबली, लेकीकडे बघतच राहिली. "बरं, बघते," एवढंच म्हणाली.

लेकीनं लगोलग वर्गाच्या ग्रुपवर जाहीर केलं, "काम फत्ते!"

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या त्या कौतुकानं नुसत्या फुलून.



"मुलांनो, आपण ते कडक ॲप घेतोय. आजवर मी लेकीचं कधी ऐकलं नाही, पण काल ती इतकं शहाण्यासारखं बोलली, की म्हटलं, एकदा तरी पोरीच्या शब्दाला मान द्यावा!"