समोरची खुर्ची

डॉक्टर आजोबा भलतेच रंगात आले होते. वैद्यकीय मासिकाने एक शोधलेख त्यांच्याकडे तपासायला पाठवला होता. लेख कोणाचा ते त्यांना कळणार नव्हतं आणि तपासला कोणी ते लेखकाला. त्यामुळे शब्दांना छान धार चढली होती. नातीने मागून डोकावून संगणकाच्या पडद्यावरचं वाचलं, ‘लेखकाला हा विषय मुळीच झेपलेला नाही. त्याने दुसरा उद्योग शोधावा. लेख छापू नये.’

“आजोबा, माझा निबंध तपासताना तुम्ही असं नाही लिहीत!”

“अगं, तू समोर बसलेली असतेस ना.”

नात स्वयंपाकघरातून खुर्ची ओढत घेऊन आली आणि तिने ती टेबलापलीकडे ठेवली. “हं, बसले तुमचे लेखक. आता वाचून दाखवा. जरा घाबरलेत हं ते.”

आजोबा हसले आणि घसा खाकरून खुर्चीकडे बघत वाचू लागले. पहिल्याच वाक्याला अडखळले, ते खोडलं. दुसरं तर तोंडातून फुटेचना. खोडता खोडता पानभर मजकुरातलं एकच वाक्य उरलं, ‘औषध मध्येच सोडलेल्या रुग्णांचं पुढे काय झालं, तेही लिहावं.’ त्यापुढे त्यांनी जोडलं, ‘मग लेख जरूर छापावा.’

खाली संपादकांचा नेहमीचा प्रश्न होता, ‘परीक्षण सुधारण्यासाठी काही सूचना?’ ती जागा आजोबा दरवेळी कोरी सोडत. आज त्यांनी लिहिलं, ‘प्रत्येक परीक्षकाला एक रिकामी खुर्ची द्यावी.’