डाव्या हाताची नखे

मॉलमधल्या भव्य दुकानात विक्रेत्याने आदराने विचारले होते, “आजी, नातवाचं वय किती?” गिटार आपल्यालाच शिकायची आहे, हे सांगण्याचे धैर्य शरयूताईंना झाले नाही, त्या नुसत्या हसून बाहेर पडल्या.

आता गल्लीतल्या चिंचोळ्या दुकानात म्हातारे मालक परेरा त्यांच्या हातांकडे रोखून पाहत होते. इथेही तोच प्रश्न येणार म्हणून ताई अवघडल्या होत्या.

“गिटार मिळणार नाही,” परेरा गुरकावले.

“का हो?”

“डाव्या हाताची नखं बघा केवढी! तार कशी दाबणार? आधी कापा ती.” त्यांनी नेलकटर पुढे केले. “आणि बोटं सोलली म्हणून रडत यायचं नाही.”

ताई तिथल्याच स्टुलावर बसल्या आणि अशा काही हर्षाने नखे कापत सुटल्या, की परेरांना ओरडावे लागले, “अहो बाई, उजव्या हाताची ठेवा! तारा छेडणार कशाने?”