मौजे मजकूर

आतल्या खोलीत चमचा फरशीवर पडला आणि दुपारची शांतता फुटली. ती टेबलापासून उठली. पाळण्यातलं बाळ हललं, पण नशिबानं जागं झालं नाही.

"सापडलं का गं गाव?" बाबांनी आतूनच विचारलं.

"काका वाचतायत. तुम्ही पडा बघू."

चमचा उचलून ती परत आली. हल्ली बसलं की उठवेना आणि उठलं की बसायला मिळेना, असं झालं होतं. समोर दप्तरीकाका भिंग लावून एका झेरॉक्सवर वाकले होते. जमिनीच्या कचेरीत, जुन्या गठ्ठ्यांच्या खोलीत त्यांनी पस्तीस वर्षं काढलेली. त्या गठ्ठ्यांतली जुनी लिपी वाचणारं तिथे आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. तिची सहा वर्षांची लेक त्यांच्या कोपराला खेटून उभी होती.

बाबांना मूळ गाव पाहायचं होतं. एकदाच. "जे करायचं ते याच महिन्यात करा," डॉक्टर म्हणाले होते. रविवारची गाडी सांगून झाली होती. कुठे जायचं तेवढं ठरायचं होतं.

गावाचं नाव तर आडनावातच होतं. मजकूरचे, म्हणून मजकुरे. बाबा हे छाती काढून सांगत. शाळेत पोरं तिला 'मजकूर, मजकूर, फळ्यावर लिहा' म्हणून पिडायची, तेव्हाही सांगत. पण मजकूर नावाचं गाव कुठल्याच नकाशावर नव्हतं. बुडालं असेल. उठलं असेल. नाव बदललं असेल. तीन वर्षं ती दर शनिवारी बाळाची, आणि बाळाच्या आधी पोटाची, उस्तवार करत कचेरीत जात होती. पिशवीत दुधाच्या बाटलीला चिकटून झेरॉक्स. गोऱ्या साहेबाच्या मोजणीत त्यांचं आडनाव कुठे मुजकूर, कुठे मजगूर, एका ठिकाणी तर चक्क मॅकगूर. "अगं, म्हणजे आपण साहेबच की!" बाबा दोन दिवस हसत होते.

एकेका चुकीचं बोट धरून ती मागे मागे गेली. आज सगळ्यात तळाचं पान टेबलावर होतं. साहेबाच्या कारकुनाने ज्यावरून नक्कल केली, ते आपल्या भाषेतलं मूळ पान.

काकांनी भिंग ठेवलं. पुन्हा उचललं.

"तुझ्या बाबांचे पणजोबा हेच. जमीन तेवढीच, बापाचं नाव तेच. आडनावबिडनाव काही नाही. नुसतं, 'राहणार मौजे मजकूर'."

"मौजे मजकूर! म्हणजे गाव होतं!" ती अर्धी उठलीच. "बाबा..."

"थांब. हाक मारू नकोस." काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "ते गावाचं नाव नाही गं पोरी. मजकूर म्हणजे वर सांगितलेलं. नाव एकदा वर लिहिलं की खाली दर ओळीला कोण लिहीत बसतो? 'मौजे मजकूर' लिहायचं आणि मोकळं व्हायचं. साहेबाच्या कारकुनाला वाटलं, हेच नाव. त्यानं ते माणसाला चिकटवून टाकलं."

ती खाली बसली. तीन वर्षं ती 'वरीलप्रमाणे' नावाचं गाव शोधत होती. हसावं की रडावं याचा निर्णय करण्याइतकंही त्राण तिच्यात नव्हतं.

"मग वर काय लिहिलंय?"

काकांनी पान तिच्याकडे फिरवलं. त्यांनी बोट ठेवून वाचलेली पहिली ओळ अर्ध्या वाक्यातूनच सुरू होत होती.

"याच्या आधीचं पान गठ्ठ्यात नाही. मी तीनदा गठ्ठा सोडला. वाळवीनं खाल्लंय."

"सापडलं का गं?" आतून पुन्हा आवाज आला. या वेळी जरा बारीक.

तिला उत्तर जुळवायला वेळ लागला. लेकीला लागला नाही. ती धावत आत गेलीसुद्धा. "आजोबा, सापडलं! काकांनी वाचलं! आपलं गाव वर आहे, वर!"

आत बाबा हसले. चांगले मोठ्यानं हसले, आणि हसण्यातून खोकला लागला. मग ते हळूहळू काहीतरी बोलत राहिले. काकांनी नसलेली धूळ पुसायला भिंग हातरुमालात धरलं.

लेक बाहेर आली. आईच्या मांडीवर दोन्ही कोपरं टेकून तिनं तोंड वर केलं.

"आई, आजोबा म्हणाले, गाडी नको म्हणून सांग. तिथे ते एकटेच जाणारेत. पण मग गावाचं नाव आपल्याला कोण सांगणार?"